वेचणी की काढणी

माझ्यावर सगळ्यांत जास्त उपकार कुणाचे असतील तर माझ्या मावशीचे. मारेगावकडच्या एका खेड्यात ती राहते आणि कापूस वेचणाऱ्या बारा बायांची टोळी सांभाळते. आमच्या घरात पहिली पदवी माझी. वसतिगृहात मी राहू शकलो, ते मावशी रोज शेतात मजुरीला जात होती म्हणून.

आता मी कापसाची यंत्रं बनवणाऱ्या एका कंपनीत आहे. कापूस वेचायच्या यंत्राची मराठी पुस्तिका लिहायचं काम माझ्याकडे आलं. पोळ्याला गावी गेलो तेव्हा कच्चे कागद सोबत नेले होते. मावशी ओट्यावर बसून लसूण सोलत होती. ऐकता ऐकता मधेच म्हणाली, "बाबू, मालक म्हनून राह्यला का यंदा मशीन बोलावतो म्हनून. मंग मी बायाईले आताच सांगतो, दुसरी टोळी पाहा. तू त मशीनवाला. सांग, येते का नाही?"

मी म्हटलं, आधी ऐक. पहिलं प्रकरण इतिहासाचं होतं. परदेशात किती जणांनी किती तऱ्हा करून पाहिल्या: कुणी हवेनं कापूस ओढला, कुणी फणीनं ओरबाडला. कुणी चाती, म्हणजे टकळीसारखी फिरती सळई, लावली; ती फिरायची, पण कापूस तिला धरून राहीना. मग एकाला आठवलं, आपली आजी सूत कातताना चाती ओली करायची. त्यानं चाती ओली केली आणि जमलं.

"ओली?" मावशीचे हात थांबले. "दव सुकल्याबिगर आमी कापसाले हात नाही लावत. अन् तुही मशीन पानी पिऊन वेचते?"

"हो."

"अन् त्या मानसानं बायाईचं काय केलं?"

मी वाचलं होतं की मजुरांची कामं जातील याची त्यालाच धास्ती होती. तसं सांगितलं.

"मंग बनवली काहून?"

मी घाईनं पुढचं वाक्य वाचलं: यंत्र एका फेरीत सर्व कापूस वेचते.

मावशी हसली. "सर्व घेते त वेचते कशी? वेचनं म्हंजे निवडनं. कवडी बाजूले, चांगला ओटीत. इतका शिकला अन् येवढं नाही समजलं तुले?"

कवडी म्हणजे किडका, पिवळा कापूस. लहानपणी तो वेगळा करायला तिनंच मला शिकवलं होतं. तरी ते वाक्य मी लिहिलं होतं.

कंपनीत परत आल्यावर साहेबांना विचारलं, मावशीच्या मालकाच्या शेतात आपलं यंत्र चालेल का? ते म्हणाले, "चालेलही, नाहीही." मशीन येणार नाही म्हणून सांगावं आणि ते आलं, तर बारा बाया ऐन हंगामात रिकाम्या. येणार म्हणावं आणि आलं नाही, तर टोळी उगाच मोडायची. फोन दोनदा उचलला आणि ठेवला. शेवटी वसतिगृहातून लिहायचो तसं पत्र लिहिलं. तिची सून तिला वाचून दाखवते.

मावशीला नमस्कार.

तू विचारलेलं मला अजून कळलेलं नाही. पुस्तिकेत 'वेचणी' खोडून मी 'काढणी' केलं. साहेबांनी कारण विचारलं, तेव्हा तुझं नाव सांगितलं. तो माणूस घाबरला होता तरी त्यानं यंत्र का बनवलं, ते पुस्तकात सापडत नाही. मीही तिथेच नोकरी करतो, म्हणून जास्त बोलवत नाही.

साहेब म्हणतात, कपाशीची पऱ्हाटी दाट आणि ठेंगणी असली तरच यंत्र नीट चालतं. मालकांना फोन करून दोन ओळींमधलं अंतर विचारलं. ते म्हणाले, "मावशीलाच विचार, सरकी तिच्याच बायांनी लावली." तेव्हा बायांना सांगायची घाई करू नकोस. उद्या शेतात गेलीस की दोन ओळींमध्ये तुझे किती हात बसतात ते मोज आणि मला कळव.