बांगड्या आणि बारा इंची स्पीकर

कुंभकोणमच्या आमच्या वीथीत ह्यांच्या कानांची मोठी ख्याती होती. कोणी नवा रेडिओ घेतला की ह्यांना नेऊन ऐकवत. हे डोळे मिटत, विडा एका गालात सारत आणि निकाल देत. त्या निकालावर अपील नसे.

घरात मात्र तेच कान मला छळत. सोप्यात चारचौघे बसलेले असताना नवऱ्याला हाक मारायची आमच्या मराठी घरांत रीत नव्हती. दाराआड उभं राहून बांगड्या वाजवायच्या, मग नवऱ्याने उठून आत यायचं. शेजारणींचे नवरे दुसऱ्या किणकिणीला उठत. मी हात दुखेपर्यंत वाजवल्या तरी हे ढिम्म. लग्नाला अकरा वर्षं झाली होती, आणि हा माणूस गर्विष्ठ आहे ही माझी अकरा वर्षांची पक्की समजूत होती.

एकोणीसशे पन्नासनंतरची आठ-नऊ वर्षं सरत आली तेव्हा आमच्याकडे लाँगप्ले तबकड्या आल्या आणि ह्यांनी जुना ग्रामोफोन माळ्यावर टाकला. तिरुनागेश्वरमच्या एका रेडिओवाल्याने अँप्लिफायर बांधून दिला आणि पसंतीसाठी दोन स्पीकर आठ दिवस आणून ठेवले. एक बारा इंची, सागवानी पेटीतला, पितळी कड्यांचा. दुसरा आठ इंची, साध्या फळ्यांच्या खोक्यातला. पण त्याच्या डोक्यावर बारीक सुरांसाठी वाटीएवढा वेगळा स्पीकर बसवलेला. ह्यांनी सागवानी पेटीवरून हात फिरवला आणि तिथेच मोठा पसंत केला. तोवर एकही तबकडी लागली नव्हती.

मला धाकटा हवा होता. मोठ्यात मृदंग छान घुमे, पण वीणा गोधडीखाली वाजल्यासारखी वाटे. धाकट्यात तारेवरून बोट घसरलेलंही कळे. मी तसं म्हटलं, तर हे म्हणाले की त्यासाठी कान तयार असावा लागतो. दोन दिवस मी रसमात मीठ जरा जपूनच घातलं.

समोरच्या घरात फिडल शिकवणारे एक तमिळ मास्तर राहत. ह्यांचे मित्र, मला मन्नी, म्हणजे वहिनी म्हणत. कान एवढा तयार आहे तर परीक्षाच होऊ दे, असं त्यांनी सुचवलं. दोन्ही स्पीकरांवर धोतर टाकायचं, बदलायचं बटण आतल्या खोलीत माझ्या हाती द्यायचं आणि ह्यांनी न पाहता ओळखायचं. शेवटी कोणत्या वेळी काय लावलं ते मी सांगायचं. मास्तरांनी वीथीतल्या पाच-सहा जणांना आमंत्रणही देऊन टाकलं.

त्या दुपारी हे स्वयंपाकघरात आले. एरवी ह्यांची पावलं तिकडे जेवायलाच वळत. थोडा वेळ डब्यांकडे पाहत राहिले, मग हळूच म्हणाले, "मोठा लावलास तर एकदा बांगड्या वाजव. धाकटा लावलास तर दोनदां. लबाडी नव्हे हो. नुसती खातरजमा."

मला हसू आवरेना. एवढा तयार कान, आणि बायकोच्या बांगड्या उसन्या मागत होता. उलट्या खुणा द्यायचा मोह मला झाला, खोटं कशाला सांगू. पण घराण्याची अब्रू होती, म्हणून सरळ वागायचं ठरवलं.

संध्याकाळी मंडळी जमली. मी आधी धाकटा लावला आणि दोनदा बांगड्या वाजवल्या. ह्यांनी डोळे मिटले, मान डोलावली आणि सांगितलं की हा मोठा, सूर कसे सुटे येतात पाहा. मग मी मोठा लावला, एकदा वाजवल्या. हा धाकटा, म्हणाले, नुसता घुमतो. तिसऱ्या आणि चौथ्या खेपेलाही तेच. स्वतः मागितलेली खूणही हा माणूस ऐकत नाही, म्हणून माझं डोकं फिरलं. पाचव्या वेळी मी हात असा झटकला की एक काचेची बांगडी दाराच्या चौकटीवर फुटली.

फटीतून पाहिलं तर सगळ्यांच्या माना दाराकडे वळल्या होत्या. फक्त हे डोळे मिटून, मान एका बाजूला कलती करून बसले होते. कपाळावर घाम होता. ते माझ्या बांगड्यांची वाट पाहत होते.

माझा राग जागच्या जागी जिरला. बारीक आवाज ह्यांना ऐकूच येत नव्हते. आजच नव्हे, अकरा वर्षांत माझी एकही किणकिण त्यांच्यापर्यंत पोचली नव्हती. धाकट्याचा तो वाटीएवढा स्पीकर बारीक सूर थोडेफार पोचवत होता, आणि जे बरं ऐकू येतं ते मोठ्याचंच असणार, असं हे धरून चालले होते. मला रडू आलं आणि स्वतःची लाजही वाटली.

ह्यांनी पाचवा निकालही उलटाच दिला, आणि मास्तरांनी दाराकडे पाहून मला खरं काय ते विचारलं. खरं सांगितलं असतं तर दुसऱ्या दिवसापासून ह्यांना कोणी साधा रेडिओही ऐकायला बोलावलं नसतं. मी पदर सावरला आणि म्हटलं, "ह्यांनीं सांगितलं तसंच. पांचही वेळां बरोबर."

सोप्यात वाहवा झाली. ह्यांनी घाम पुसला आणि नवा विडा लावायला घेतला. जाताना मास्तर दाराशी थांबून हळू आवाजात म्हणाले, "मन्नी, माझेही कान तयार आहेत." मग चप्पल घालून निघून गेले. ही गोष्ट त्यांनी कधीच कोणाला सांगितली नाही.

माझ्या खोट्यामुळे आता घरात मोठा स्पीकर येणार होता, आणि ह्यांना त्यातलं अर्धं ऐकूच येणार नव्हतं. दुसऱ्या दिवशी मी रेडिओवाल्याला मागच्या दारी गाठलं. तो पॉलिशच्या निमित्ताने दोन्ही स्पीकर घेऊन गेला आणि सागवानी पेटीच्या पोटात धाकट्याचा सगळा संसार बसवून ती परत घेऊन आला. ह्यांनी तबकडी लावली, पेटीवर थाप मारली आणि मला म्हणाले की मी म्हणत नव्हतो? मी म्हटलं, होय की.

त्याच आठवड्यात एका संध्याकाळी सोपा माणसांनी भरलेला होता. मी बांगड्या मागे सारल्या, एक लाकडी पाट उचलला आणि दाराआडच्या फरशीवर धपकन आपटला. हे लगेच उठून आत आले. माझ्यासमोर उभे राहिले आणि हलक्या आवाजात म्हणाले, "आज पहिल्यानं बोलावलंस. इतकीं वर्षें मीं तिथं बसून वाट पाहतों."

खरं तर माझं काहीच काम नव्हतं. मी त्यांना वरच्या फळीवरची लोणच्याची बरणी काढून द्यायला सांगितली, आणि मग ती परत वर ठेवायला.