रुपचंद नानांचे दोन डबे

पिंप्राळ्याच्या पुढे, जिथे रिक्षावाला 'आता उतरा, पुढे खड्डे आहेत' म्हणतो, तिथे आमची केळीबाग पार्क कॉलनी सुरू होते. पूर्वी इथे खरोखर केळीची बाग होती. आता केळीचं झाड एकच उरलंय, तेही कमानीवर रंगवलेलं. चोवीस रो-हाऊस, सगळ्यांना तोच पिवळा रंग, तेच तपकिरी दार आणि तेच कुरकुरणारं फाटक. मी सहा नंबरात राहतो आणि बाकीच्या तेवीस घरांची खबर ठेवतो. कुणीतरी ठेवायला नको का?

बारा नंबरात भूपेंद्र आणि त्याची बायको दीपमाला राहतात. तो कंपनीत, ती शाळेत. यंदा होळीच्या आधी भूपेंद्रने भडगावहून आईवडिलांना आणलं, आणि कॉलनीत एकदम जान आली. आई भागाबाई. वडील रुपचंद नाना, भडगावच्या बाजारात चाळीस वर्षं मापाडी. म्हणजे शेतकऱ्याचा माल व्यापाऱ्याला मोजून देणारा माणूस. दोघांच्या मधे उभं राहायचं आणि दोघांच्याही शिव्या खायच्या, असा तो धंदा. नाना मोजताना पहिल्या मापाला 'एक' कधीच म्हणत नसत. 'लाभ' म्हणायचं, मग दोन, मग तीन. जुन्या मापाड्यांची रीतच तशी. नानांना ती इतकी अंगवळणी पडली होती की डॉक्टरने 'दिवसातून किती गोळ्या घेता?' विचारलं, तर म्हणाले, "सकाळी लाभ, संध्याकाळी दोन."

आणि हात तर असा की पोत्याचं टोक उचललं की वजन सांगायचे. आमच्याकडे गाडी घेऊन येणाऱ्या टरबूजवाल्याला त्यांनी एकदा फळ तळहातावर तोलून सांगितलं, "तीन किलो दोनशे. तुझा काटा साडेतीन दाखवतोय, दुरुस्त कर." तो टरबूजवाला आता मागच्या गल्लीतून जातो. आम्हाला टरबूज आणायला पिंप्राळ्याच्या चौकात जावं लागतं. नानांच्या सचोटीपायी आमची ही पायपीट.

तर गोष्ट अशी, की भडगावच्या त्यांच्या घराला गिऱ्हाईक आलं होतं. शेजारचा वना, खताचा दुकानदार. त्याला गोदाम वाढवायचं होतं. तो म्हणाला, "नाना, आखाजीपर्यंत हो का नाही ते सांगा, नाहीतर मी दुसरीकडे बघतो." आखाजी म्हणजे आमच्याकडची अक्षय्य तृतीया. घर दिलं की परतीची वाट संपली. नाही दिलं, तर म्हाताऱ्या दोघांनी परत जाऊन एकटं राहायचं. भूपेंद्र म्हणाला, इथेच राहा. नाना म्हणाले, "न तोलता सांगणार नाही."

आणि त्यांनी खरंच तोलायला घेतलं! बिस्किटांचे दोन रिकामे पत्र्याचे डबे. लाल झाकणाचा 'राहू', निळ्या झाकणाचा 'जाऊ'. रोज दिवेलागणीला बसायचं, दिवसभरात कॉलनीत काय बरं दिसलं, काय वाईट दिसलं ते आठवायचं, आणि एकेका गोष्टीला एकेक हरभरा. हरभरा भडगावहून आणलेल्या पिशवीतला, घरचा, बारीक आणि लालसर. आखाजीच्या आदल्या दिवशी मोजायचं. ज्या डब्यात जास्त, त्याप्रमाणे वनाला उत्तर.

पहिले काही दिवस लाल डबा जोरात होता. दवाखाना पाच मिनिटांवर, लाल. बोअरचं पाणी, लाल. डास कमी, लाल. मग निळ्याने वेग घेतला. सगळी फाटकं दिवसभर बंद, निळा. शेजारी वारला ते तेराव्याच्या मांडवावरून कळलं, निळा. नाना रोज सकाळी आठला फाटकाशी खुर्ची टाकून बसायचे. माणसं स्कूटरवरून हेल्मेट घालून भुर्रकन जायची. दहा दिवसांत त्यांच्याशी बोलला तो फक्त गॅसवाला. "भडगावला ओट्यावर बसलं," नाना मला म्हणाले, "तर कोठे चालनात, कोठे चालनात म्हणून लोक हैराण करायचे. इथे कुणी विचारतच नाही हो आबा." तो दाणा निळ्यात पडला.

मग ते प्रकरण झालं, जे मी अर्थातच कुणाला सांगितलं नाही. फक्त अकरा घरांत सांगितलं.

नाना देवळातून परत येत होते. ऊन डोक्यावर. बाराव्या ऐवजी चौदाव्या घरात शिरले. चप्पल काढली, पंखा लावला, खुर्चीत पाय वर घेऊन बसले आणि आतल्या बाजूला हाक मारली, "भागा, चहा ठेव!" चौदा नंबरची रोहिणी आत भाजी चिरत होती. घरात परका म्हातारा पाहून दुसरी कुणी बोंब मारली असती. तिने पाहिलं, ओळखलं, आणि गुपचूप चहा ठेवला. नानांनी अर्धा कप संपवला आणि म्हणाले, "आज आलं जास्त टाकलंस." मान वर केली तर समोर रोहिणी!

त्या संध्याकाळी बारा नंबरात जुंपली. नाना म्हणाले, हा दाणा निळ्यात. "चोवीस घरं एका साच्याची. माणसाला स्वतःचं घर सापडत नाही, असल्या जागी राहायचं?"

भागाबाई म्हणाल्या, "लाल डबामा टाका. न इचारता चहा देस, अशी शेजारीन भडगावले तरी शे का?"

"अगं पण घर चुकलं!"

"घर चुकनं, चहा नही चुकना."

भूपेंद्र हसता हसता खोकत बाहेर आला. शेवटी दोन्ही डब्यांत एकेक दाणा पडला. पण नानांच्या डोक्यातून ते घर चुकणं गेलं नाही. एक दिवस गंभीर होऊन म्हणाले, "आखाजीला पितरांची घागर भरायची. मी जिवंत माणूस चौदा नंबरात शिरलो. पितरांना बारा नंबर कसा सापडायचा?"

भागाबाई घागरीवर ठेवायचं डांगर, म्हणजे खरबूज, धूत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "रोहिणीकडे चहा पिईसन येतीन."

आता भागाबाईंबद्दल सांगतो, कारण ते नानांना ठाऊक नव्हतं आणि मला होतं. बाई रोज सकाळी सहाला 'देवळात जाते' म्हणून निघायच्या. देऊळ कमानीपाशी, शंभर पावलांवर. परत यायला तास लागायचा. एवढं काय मागत असतील देवाला? मी गच्चीवरून पाहिलं. देवळामागच्या पायरीखालून बाई एक जोडी पांढरे बूट काढायच्या, नऊवारीखाली घालायच्या, आणि रोहिणीसकट चार बायकांबरोबर कॉलनीला फेऱ्या मारायच्या. हात हलवत, मोठ्याने हसत. पदर खांद्यावर. मग बूट पायरीखाली आणि पदर डोक्यावर, की घरी. हे मात्र मी खरंच कुणाला सांगितलं नाही. मलाही आश्चर्य वाटतं.

आखाजीच्या आदल्या दिवशी चार वाजता नानांनी मला पंच म्हणून बोलावलं. बाहेरच्या खोलीत सतरंजी, समोर दोन डबे. भूपेंद्र रजा घेऊन बसलेला. दीपमाला शाळेतून येऊन पर्स न ठेवताच टेकलेली. भागाबाई सांजोऱ्यांचं पीठ मळत दाराच्या आत. नानांनी लाल डबा उचलला आणि त्यांचा चेहरा बदलला. खाली ठेवला. पुन्हा उचलला.

"यात एक्केचाळीस पाहिजेत," ते म्हणाले. "जास्त आहेत."

आम्ही सगळे सावरून बसलो. कारण भडगावला एकदा एका व्यापाऱ्याने पारड्याखाली चुंबक चिकटवला होता, तेव्हा नानांनी सबंध दिवसाचा बाजार थांबवला होता, हे भूपेंद्रने आम्हाला दहा वेळा सांगितलेलं. नानांनी डबा सतरंजीवर ओतला आणि मोजायला लागले. "लाभ. दोन. तीन..." अठ्ठावन्न भरले. त्यातले सतरा त्यांनी बोटाने बाजूला सारले. मोठे, गुळगुळीत, पिवळट. दुकानातल्या पाकिटाचे.

"हे कुणाचे?"

दीपमालाने भूपेंद्रकडे पाहिलं. भूपेंद्रने माझ्याकडे पाहिलं. मी पंख्याकडे पाहिलं.

"मन्हा शेतस," आतून आवाज आला. भागाबाई पिठाचे हात तसेच घेऊन बाहेर आल्या. "तुम्हना डबा, तुम्हना दाना, तुम्हनं तोलनं. मन्हं काहीच नही का?"

"मापात हात घातलास, भागा? माझ्या मापात?"

"लबाडी नही करी. एकेक दाना कशाना ते सांगस." आणि त्यांनी सांगायला सुरुवात केली. स्वयंपाकाच्या ओट्यापाशी उभं राहून भाकरी टाकता येते, गुडघे रडत नाहीत. दीपमाला शाळेतून आली की सासूसुना दार लावून तासभर गप्पा मारतात. भडगावला दार लावलं असतं तर गाव म्हणालं असतं, भांडण झालं. रोहिणीचा चहा. मग त्या थांबल्या. पुढचा दाणा बोटांत धरून म्हणाल्या, "आनि हाऊ मोठा दाना. पस्तीस वरीस मी घरना भाईर पाय टाका, तं बठ्ठं गाव इचारे, कोठे चालनी, कोठे चालनी. आठे कोनी इचारत नही. माले आठे गमस." म्हणजे, बाईंना इथे करमत होतं.

मग देवळाचं आणि पांढऱ्या बुटांचं त्यांनी स्वतःच सांगून टाकलं. माझं एवढं जपलेलं गुपित वाया गेलं.

नानांनी तो दाणा हातात घेतला. ज्या गोष्टीसाठी त्यांनी निळ्यात दाणा टाकला होता, त्याच गोष्टीसाठी बाईंनी लालमध्ये टाकला होता. ते म्हणाले, "मग निळ्यात एकही नाही टाकलास? एवढी लाल डब्याची बाजू?"

"टाका ना. दोन."

नानांनी निळा डबा ओतला. त्यांचे शेहेचाळीस, आणि त्यात दोन पिवळट. दोन दाणे हाताला कळले नव्हते.

"एक गुंताबाईना," भागाबाई म्हणाल्या. गुंताबाई म्हणजे भडगावची त्यांची शेजारीण, रोज दुपारी ओट्यावर येऊन बसणारी. "आनि एक तुम्हना. रोज फाटकपान बठतस, कोनी बोलीन म्हनीसन. ते माले देखाय नही."

नानांनी उपरण्याने चष्मा पुसला. आधीच स्वच्छ होता तो. मग माझ्याकडे वळले. "आबा, चाळीस वर्षं दोघांच्या मधे उभं राहून मोजलं. आणि घरी एकाच बाजूचा माल मोजत बसलो." मोठे दाणे आणि बारीक दाणे त्यांनी एकत्र केले. लाल अठ्ठावन्न, निळा अठ्ठेचाळीस. "तोल खरा आहे. घ्या पंच, सांगा."

मी सांगितलं. दीपमालाने तेव्हा कुठे पर्स खाली ठेवली.

आखाजीला घागर बारा नंबरात भरली. वनाचा फोन आला तेव्हा नाना म्हणाले, "घर घे. पण पुढचा ओटा पाडायचा नाही, आणि दुपारी गुंताबाईला तिथून उठवायचं नाही. आणि महिन्यातून एकदा तिला एसटीत बसवून इकडे पाठवायचं. कबूल? मग लाभ!"

आता नाना सकाळी सहालाच फाटकाशी खुर्ची टाकतात. बायकांचा घोळका समोरून गेला की मोठ्याने म्हणतात, "लाभ!" पुढच्या फेरीला "दोन!" रोहिणी एखादी फेरी चोरायला गेली तर लगेच, "चौदा नंबर, माप कमी भरतंय!" बायका हसतात, थांबतात, बोलतात. परवापासून दोन स्कूटरवाले हेल्मेट काढून विचारायला लागलेत, "नाना, आज किती झाल्या?" भागाबाईंचे पांढरे बूट घरात, चपलांच्या फळीवर सगळ्यांच्या वर आहेत.

काल नानांनी मलाही हाक मारली. "आबा, गच्चीवरून नुसतं काय बघता? या खाली. तुमची लाभसुद्धा झाली नाही अजून."

मी गुडघ्याचं कारण सांगितलं. ते म्हणाले, बूट दुकानात मिळतात.