आत्याचं प्राग

"बिचारीनं स्वतःसाठी कधी काही केलं नाही बघा..." माझ्या मागच्या खुर्चीवरून कोणीतरी हळूच म्हणालं, आणि शेजारची बाई "व्हय ना" म्हणून सुस्कारली. शेवगावच्या शाळेचं सभागृह भरलं होतं. समोर टेबलावर हार घातलेला आत्याचा फोटो होता. फोटोतही ती फोटोग्राफरला काहीतरी सूचना देण्याच्या बेतात असल्यासारखी दिसत होती. माझी कुमुदआत्या याच शाळेत इतिहास शिकवायची. तिने लग्न केलं नाही आणि निवृत्त झाल्यावरही शेवगाव सोडलं नाही. थोड्याच दिवसांपूर्वी सकाळी तिच्या शेजाऱ्यांचा बाबांना फोन आला, आणि आम्ही नगरहून पोचेपर्यंत सगळं संपलेलं होतं. आता तिची शोकसभा चालली होती. माणसं उठत होती, चष्मा काढून डोळे पुसत होती आणि एकच गोष्ट वेगवेगळ्या शब्दांत सांगत होती... त्याग, समर्पण, झिजणं. घरातल्या कोणीतरी शेवटी दोन शब्द बोलावेत, असं मुख्याध्यापकांनी बाबांना सांगून ठेवलं होतं. "मला नाही जमायचं," बाबा म्हणाले होते, "इरा, तू बोल. परदेशात तिच्याबरोबर तूच होतीस." मी नको म्हणेपर्यंत मुख्याध्यापक पुढच्या पाहुण्यांकडे वळलेसुद्धा होते.

मी बोलणाऱ्यांतली नाही. माझी शाळा इंग्रजी माध्यमाची. घरात मराठीच आहे, पण ते दूध आलं का, दार लाव, एवढ्यापुरतं. चार मोठ्या माणसांसमोर मराठीत बोलायचं तर आधी मनात वाक्य जुळवावं लागतं, आणि ते जुळेपर्यंत विषय पुढे गेलेला असतो. शेवगावला गेले की आत्याकडे येणाऱ्या बायका "ही इंग्रजी शाळेतली" म्हणत माझ्याशी जरा मोठ्या आवाजात बोलायच्या, मला कमी ऐकू येत असल्यासारखं. आत्या मात्र मला कधी "बोल की गं" म्हणाली नाही. मी वाक्य जुळवत असले की ती भाजी निवडत बसायची, घाई नसलेल्या माणसासारखी. माझं उत्तर आलं की मगच तिचा पुढचा प्रश्न यायचा.

युरोपच्या सहलीचं तिने परस्पर ठरवलं आणि मग बाबांना फोन केला. नातेवाइकांत थोडी कुजबुज झाली. या वयात चारधाम करायचा सोडून हे काय, असं एका काकूंनी विचारलंही. "चारधामला तुम्ही सगळे जाताच की," आत्या म्हणाली. तिला प्राग बघायचं होतं. बाकीची शहरं त्याच सहलीत होती म्हणून तीही बघणार होती, एवढंच. प्रागच्या किल्ल्यात एक खिडकी आहे. त्या खिडकीतून बंडखोर सरदारांनी राजाच्या कारभाऱ्यांना खाली फेकलं, आणि त्यातून पेटलेलं युद्ध तीस वर्षं चाललं. अभ्यासक्रमात नसतानाही ही गोष्ट ती नववीच्या प्रत्येक वर्गाला सांगायची. ती खिडकी तिला स्वतःच्या डोळ्यांनी बघायची होती. मला तिने विचारलं तेही सरळ. "येतेस का? इंग्रजी तुझं, पाय माझे."

प्रागमध्ये पहिल्याच सकाळी आम्हाला पायी फिरायचं होतं. हाना नावाची तिथलीच एक उंच गाईड पिवळी छत्री वर धरून पुढे चालत होती. आमच्या सगळ्यांच्या गळ्यात एकेक छोटं यंत्र आणि कानात गुंडी होती, तिच्यातून हानाचं बोलणं ऐकू यायचं. पण तिचं इंग्रजी भरभर आणि तिच्या भाषेच्या वळणाचं होतं. जुन्या चौकात, त्या प्रसिद्ध घड्याळाखाली, आमच्या नगरकडच्या बेलापूरचे भाऊसाहेब कानातली गुंडी काढून तिच्याकडे बघत राहिले. मुलांनी पाठवलं म्हणून हे शेतकरी गृहस्थ पत्नीसोबत आले होते. "काय म्हनती वं ही? माझ्या कानात नुसती माशी गुनगुनती." आत्या म्हणाली, "थांबा, आमची इरा सांगेल." सगळा गट माझ्याकडे वळला. मी मनात वाक्य जुळवायला लागले. आत्याने माझ्याकडे एकदाच पाहिलं आणि लगेच म्हणाली, "मला सांग. मी पुढे सांगते."

मग दिवसभर तसंच चाललं. हाना बोलायची, मी आत्याच्या कानाशी लागायचे, आणि आत्या शेवटच्या बाकापर्यंत पोचणाऱ्या आपल्या आवाजात ते गटाला सांगायची. आजूबाजूचे परदेशी लोकही वळून बघायचे. सुरुवातीला हानाला आपलं काम कोणी दुसरंच करतंय असं वाटलं असावं, ती जरा फणकाऱ्याने बघत होती. मग आपलं बोलणं गटाला कळत नाही हे तिच्या लक्षात आलं, आणि ती दोन वाक्यं बोलून थांबायला लागली. माझा एखादा शब्द अडला की आत्या बोलता बोलताच तो भरून काढायची. मी 'सीज' म्हटलं की ती "वेढा" म्हणायची, 'मोट' म्हटलं की "खंदक, आपल्या नगरच्या किल्ल्याला आहे तसा". त्या किल्ल्यापासून थोड्या अंतरावर मी वाढले, पण खंदक हा शब्द माझ्या तोंडी पहिल्यांदा प्रागमध्ये आला. आणि प्रत्येक वेळी शेवटी ती न विसरता सांगायची, "असं आमची इरा सांगते."

त्या घड्याळाची एक गोष्ट हानाने सांगितली. असं घड्याळ दुसऱ्या शहरात होऊ नये म्हणून इथल्या कौन्सिलरांनी ते बनवणाऱ्याचे डोळे काढले. मी ते आत्याला सांगितलं, आत्याने गटाला. "नगरसेवकांनी कारागिराचे डोळे काढले."

"नगरसेवक म्हनल्यावर इस्वास बसतो," भाऊसाहेब म्हणाले. लोक हसले, पण आत्या हसली नाही. "पुरावा काय? विचार तिला." मला वाटलं जमीन दुभंगावी. पण आत्या माझ्याकडे बघतच राहिली, भाजी निवडताना थांबायची तशीच, आणि शेवटी मी विचारलं. हानाने छत्री खाली घेतली. पुरावा काहीच नाही, ती म्हणाली, घड्याळ बनवणारा माणूसही वेगळाच निघाला, ही गोष्ट लोकांनी मागाहून चिकटवली... पण पर्यटकांना आवडते. "मग हे आधी सांगायचं," आत्या म्हणाली. "गोष्ट सांगा, पण गोष्ट म्हणून सांगा." हे मी भीतभीत हानाला सांगितलं, तर ती खूश झाली. त्यानंतर प्रत्येक थांब्यावर बोलून झालं की ती आधी आत्याच्या चेहऱ्याकडे बघायची.

मोठ्या पुलावर तुडुंब गर्दी होती. दोन्ही कठड्यांवर संतांचे पुतळे, मध्ये चित्रकार, वादक, नुसती रेटारेटी. आमचा मुंबईचा टूर मॅनेजर "मॅडम, आगे चलिए" म्हणून आत्याला खुणावत होता, पण ती पुढे जाईना. शाळेची सहल निघाली की बाईंनी सगळ्यांत मागे चालायचं, ही तिची जन्माची सवय. "मी मागे असले म्हणजे कोणी हरवत नाही," ती म्हणाली आणि रेंगाळणाऱ्यांना हाकत निघाली. त्या नादात पुतळ्याचा फोटो काढत उभ्या असलेल्या एका पांढऱ्या मिशीच्या परदेशी आजोबांनाही तिने "चला, चला, उशीर होतोय" म्हणून हाताने पुढे घातलं. आजोबा निमूट चालायला लागले. चूक कळल्यावर आत्या ओशाळली, मला म्हणाली, "सॉरी म्हण त्यांना." मी म्हटलं. आजोबांनी टोपी काढून आत्याला नमस्कार केला आणि किल्ल्याच्या चढापर्यंत ते आमच्याबरोबरच आले.

खिडकी किल्ल्यातल्या जुन्या राजवाड्यात आहे. दालन तसं साधंच, मी काहीतरी भव्य कल्पून गेले होते. हानाने सांगितलं की फेकलेली माणसं वाचली. एका ख्रिस्ती पंथाचे लोक म्हणाले, देवदूतांनी झेललं, दुसऱ्या पंथाचे म्हणाले, खाली शेणाचा ढीग होता. "शेनखतच आसंल," भाऊसाहेब म्हणाले, "देवदूताला कुठं येळ हाय." या वेळी आत्यापण हसली. मग ती खिडकीशी गेली आणि काचेला कपाळ टेकवून खाली बघत उभी राहिली. गट पुढे गेला. सगळ्यांच्या मागे राहणारी आत्या आता कोणाकडेच बघत नव्हती. मी तिच्या जवळ जाऊन उभी राहिले. तिच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी आमच्या घरातल्या कोणत्याच बाईच्या चेहऱ्यावर पाहिलेलं नाही. हवं ते मिळालेल्या माणसाचा चेहरा होता तो.

प्रागमधल्या शेवटच्या दिवशी दुपार खरेदीसाठी मोकळी होती. आत्याने पायांत बूट चढवले आणि म्हणाली, "मी जरा जाऊन येते."

"थांब, मी येते."

"नको. तू बस."

"अगं पण तुला बोलायला..."

"मला कोणाशी बोलायचंच नाहीये." हे ती इतक्या प्रेमाने म्हणाली की मला रागही आला नाही. हॉटेलचं कार्ड तिने पर्समध्ये टाकलं, मला दाखवलं आणि गेली. मी खाली स्वागतकक्षात बसून राहिले. आमची माणसं पिशव्या घेऊन परतायला लागली. "आत्या कुठाय गं पोरी?" भाऊसाहेबांच्या बायकोने विचारलं, आणि मी उत्तर द्यायच्या आत त्याच माझ्याशेजारी बसून दाराकडे बघायला लागल्या. दिवे लागायच्या सुमाराला आत्या आली. बूट धुळीने माखलेले, अंबाडा सुटत आलेला, गाल उन्हाने लाल. कुठे होतीस, म्हणून विचारलं तर म्हणाली, "फिरत होते." काय पाहिलंस? ती हसली. "सगळंच काय तुला सांगायचं?" पुढे शेवगावला गेल्यावर मी दोनदा तरी विषय काढून पाहिला. दोन्ही वेळा ती चहा ठेवायला उठली.

सभागृहात आता तिचा एक जुना विद्यार्थी बोलत होता. चांगला माणूस, तिच्या आजारपणात धावून येणारा. "बाईंनी स्वतःची हौस म्हणून काही केलं नाही," तो म्हणाला. "युरोपला गेल्या, पण त्याही भाचीला जग दिसावं म्हणून." लोकांनी माना हलवल्या. मागच्या बाईंनी नाक ओढलं. कोणाच्याही मनात वाईट नव्हतं, त्यांचं तिच्यावर प्रेम होतं. पण माझ्या डोळ्यांसमोर ती खिडकी पुसली जात होती. हे असंच राहिलं तर उद्यापासून शेवगावात हेच खरं होणार होतं, आणि ते खोटं आहे हे माहीत असलेली त्या सभागृहात मी एकटी होते. आजवर मी हळू आवाजात सांगायचं आणि तिने ते मोठ्याने सांगायचं, अशी आमची पद्धत होती. आता मोठ्याने सांगणारंच माणूस नव्हतं.

माझं नाव पुकारलं गेलं. मी उठले. वाक्य अजून जुळलं नव्हतं, पण कोणी थांबणार नव्हतं. माइकसमोर पहिले दोन शब्द कुठे गेले ते मलाही कळलं नाही. मागून कोणीतरी ओरडलं, "ऐकू येत न्हाई!" मी माइक जवळ ओढला.

"आत्या बिचारी नव्हती," मी म्हणाले. "मला जग दाखवायला ती गेली नव्हती. ती स्वतः बघायला गेली होती, मी फक्त सोबत होते. आणि शेवटच्या दुपारी तिला माझी सोबतही नको होती. ती एकटी फिरली. कुठे गेली, काय पाहिलं, ते तिने मला शेवटपर्यंत सांगितलं नाही... ती दुपार तिने कोणालाच दिली नाही."