पाचव्या पानावरची ओळ

चर्चमध्ये अंत्यविधीला वाटतात त्या पुस्तिकेची पानं आता माणसं जुळवत नाहीत, प्रोग्रॅम जुळवतो. फादरच्या ऑफिसातून कुणीतरी मयताचं नाव, फोटो आणि घरच्यांची यादी भरतं, क्लाउडवर कुठेतरी पीडीएफ तयार होते आणि छापायला जाते. आधी फोटो, प्रार्थना, गीतं. चौथ्या पानावर घरच्यांची नावं. दफन बहुतेक त्याच दिवशी असतं, त्यामुळे सगळं झटपट हवं. हे काम आमच्या कंपनीकडे आलं आणि पानं जुळवायची कशी हे ठरवणं माझ्या गळ्यात पडलं.

वेबपेज बनवायचं आणि सर्व्हरवर ब्राउझर उघडून तेच छापून घ्यायचं, हा सोपा रस्ता. कुणालाही जमेल असा. दुसरा रस्ता पुस्तकं जुळवणाऱ्या जुन्या प्रोग्रॅमचा. तो डोकं खातो, चुकलं की काय चुकलं ते कधी धड सांगत नाही. पण पान भरत आलं की पानभरातून थोडी थोडी जागा चोरतो आणि शेवटची ओळ सामावून घेतो. ब्राउझरला त्याचं काही पडलेलं नसतं. माझ्या लॅपटॉपवर मावलेली यादी क्लाउडवर जरा वेगळी बसायची आणि एक ओळ पुढच्या पानावर जायची.

चाचणीसाठी लांबलचक यादी हवी होती. आमच्या आयएवढं मोठं खटलं कुणाचं? मयताच्या जागी तिचंच नाव घातलं. रविवारी जूचंद्रहून पाचूबंदरला तिच्याकडे गेले तेव्हा दोन्ही नमुने तिच्या हातात दिले. दुखणं लागलेलं होतं, पण जन्मभर मासळी विकलेली बाई, असल्या गोष्टींना कसली घाबरते.

"यो फोटू नको," म्हणाली, "लग्नातला घाल."

मग तिनं ब्राउझरवाल्या नमुन्याचं पाचवं पान उलटलं. अख्खं पान कोरं आणि वर एकच नाव, माझ्या धाकट्या भावाचं. तो बोटीवर गेला तो परत आला नाही, मिळालाही नाही. घरातल्या आधी गेलेल्यांचं नाव शेवटी लावायची पद्धत, म्हणून तो सगळ्यांच्या शेवटी.

"याला एकटा कोनी टाकला?"

"कुणी नाही गं आय, जागा संपली."

"मंग जागा कर. परत एकटा नको त्याला."

ऑफिसात मी जुन्या प्रोग्रॅमसाठी भांडले. खरं कारण सांगितलं नाही. सांगितलं असतं तर सगळ्यांनी माना खाली घातल्या असत्या, आणि ते मला सहन झालं नसतं. साहेब म्हणाले, "उद्या तू सोडून गेलीस तर तो सांभाळणार कोण?" त्यांचं चूक नव्हतं, म्हणूनच जास्त राग आला. ब्राउझर ठरला. एखादी ओळ इकडेतिकडे झाली तर कुणाच्या लक्षातही येत नाही, असंही वर म्हणाले.

आय त्याच वर्षी गेली, पावसाळा सरून बोटी पुन्हा पाण्यात जायला लागल्या होत्या तेव्हा. भावंडं रडत होती. यादी भरायला मी बसले. पीडीएफ आली ती पाच पानांची.

जुना प्रोग्रॅम सर्व्हरवरून काढून टाकला होता. अक्षराचा आकार, ओळींमधलं अंतर सगळ्या चर्चना एकच, साहेबांच्या मंजुरीशिवाय हलायचं नाही. गीतं फादरनी ठरवलेली. माझ्या हातात होती ती फक्त नावं. साहेबांना फोन करता आला असता. केला नाही. त्या दिवशी मला कुणाची कीव नको होती.

नवरा शेजारी उभा होता. मी यादीतल्या आम्हा दोघांच्या ओळीवर बोट ठेवलं.

"काढ," म्हणाला.

पानं चार झाली. धाकट्याचं नाव चौथ्याच्या तळाशी आलं, सगळ्यांच्या खाली, पण सगळ्यांबरोबर.

अंत्यविधीची मिस्सा संपल्यावर मावशी पुस्तिका नाचवत माझ्याकडे आली. "तुजं नाव नाय यात? पोटच्या पोरीचं?"

"मशीनची चूक," मी म्हटलं.

ती तिथंच चर्चच्या दारात उभी राहून मशीनला शिव्या घालायला लागली, आणि मला सकाळपासून पहिल्यांदा रडू फुटलं.