भिक्खुणीनं बांधलेली मोळी

अन्याय झाला तो माझ्या शांतामावशीवर. गेल्या दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी, दिंद्रुडची टोळी ऊसतोडीला निघायच्या आधी. पोट दुखतं म्हणून ती एका खासगी दवाखान्यात गेली. एकही तपासणी नाही... 'कॅन्सर होईल' अशी भीती घालून कागदावर अंगठा घेतला आणि थेट गर्भपिशवी काढली. वय अजून चाळिशीही नाही!

एक गोष्ट आधीच सांगते, कारण पुढचं वाचून मला देवभोळी ठरवाल. करणी, कौल, अंगात येणं – या सगळ्याविरुद्ध मी गावोगाव पत्रकं वाटलीत. आजही वाटते.

यंदा थायलंडमध्ये मजूर बायकांची परिषद होती. मावशीनं तिथं बोलावं म्हणून मी तिला नेलं. पण ती तोंडच उघडेना. "लोक हसतील गं. अंगठा मीच दिला न्हवं?"

परिषदेच्या आदल्या दिवशी आम्हाला एक बौद्ध मंदिर दाखवायला नेलं. भर दुपार. पांढरंशुभ्र मंदिर, भिंतीभर आरशांचे तुकडे... ऊन असं उसळत होतं की मी डोळ्यांवर हात धरला. मावशी म्हणाली, "तुरा आलेल्या उसाच्या फडावानी दिसतंय की गं!"

आत एक म्हातारी भिक्खुणी प्रत्येकाच्या मनगटाला पांढरा दोरा गाठ मारून बांधत होती. मलाही बांधला. मावशी पुढे बसली, तर भिक्खुणीनं आधी मावशीच्या बेंबीखाली तळवा ठेवला – साडीवरून, नेमका ऑपरेशनच्या टाक्यांच्या व्रणावर – आणि डोळे मिटले. मग दोरा घेतला. गाठ मारलीच नाही. पीळ दिला आणि टोक आत खोचलं.

"अगं, ही तर मोळी बांधली!" मावशी ओरडली.

खरंच. उसाची मोळी आमच्या बाया अशीच बांधतात – पाल्याला पीळ देऊन, टोक खोचून.

मी दुभाषी मुलीमार्फत विचारलं, कधी ऊस तोडलाय का? भिक्खुणी हसली. समुद्रकाठच्या कोळ्याची लेक ती, ऊस फक्त रसापुरता ठाऊक. मग असं का बांधलं? ती आपल्याच बोटांकडे बघत काहीतरी बोलली. दुभाषी म्हणाली, "त्यांनाही कळत नाहीये. हात आपोआप वळला म्हणतात."

ऑपरेशनचं आम्ही तिथं कुणालाच सांगितलं नव्हतं. दुभाषीलाही नाही.

बाहेर पायरीवर बसून मावशी पोटभर रडली. मग नाक पुसत म्हणाली, "पत्रकवाल्या बाई, आता सांगा की कसं झालं ते!" मी तिच्या मनगटावरचा पीळ पुन्हा निरखून बघितला. ती म्हणाली, "न सांगता तिला कळलं. मग मी सांगायला कामून भिऊ?"

दुसऱ्या दिवशी भरल्या सभेत ती बोलली. अंगठा कुणी घेतला, काय सांगून घेतला – सगळं.

उलगडा माझ्याकडे आजही नाही. योगायोग म्हणायचं तर खुशाल म्हणा. पण टोळ्या निघायच्या आत तुमच्या गावातली कुणी बाई दवाखान्यात निघाली, तर तिच्यासोबत जा – आणि तपासणीचा कागद हातात आल्याशिवाय तिचा अंगठा कशावरही उमटू देऊ नका.