तीन रस्ते आणि एक पत्रा

बारावीच्या वर्षी, दिवाळीच्या सुट्टीच्या आदल्या दिवशी, माझ्या रूम पार्टनरला कळले की हेलिकॉप्टरकडे जाणाऱ्या तिन्ही रस्त्यांवर गणित लागते आणि ते त्याने अकरावीतच सोडले आहे. हेलिकॉप्टरचा त्याच्याइतका विचार केलेला माणूस तेव्हा लातुरात दुसरा नव्हता.

क्लाससाठी आम्ही एक खोली घेतली होती. इतरांच्या भिंतीवर रसायनशास्त्राचे तक्ते असत, याच्या भिंतीवर तीन रस्ते होते: बारावीनंतर लष्करी प्रबोधिनी, पदवीनंतर वायुदल, किंवा खाजगी फ्लाइंग स्कूल. दर आठवड्याला त्याचे मत बदले आणि त्याप्रमाणे बाण खोडले जात. रस्त्याने चालताना तो मोकळी मैदाने पावलांनी मोजी. लग्नाला गेला की जेवणाआधी मांडवाचे खांब हलवून पाही आणि वरपक्षाला सांगे, "हेलिकॉप्टर आलं तर ह्ये समदं उडंल बघा." वरपक्षाने हेलिकॉप्टर बोलावलेले नसे.

त्याचे गाव किल्लारीजवळ. भूकंपात भिंत पडून त्याची आई अडकली. तिला न्यायला शेतात हेलिकॉप्टर उतरले, तेव्हा मोकळे पत्रे उडू नयेत म्हणून गावकऱ्यांनी मुलांना दूरच्या पत्र्यांवर बसवले. तो सात वर्षांचा होता. आई महिन्याने परत आली, किंचित लंगडत. पत्र्यावरून उठलो तेव्हाच आपली नोकरी ठरली, असे तो सांगे.

गणित सोडले ते मात्र लातूरच्या रीतीने. जीवशास्त्र घेतलेल्याने गणित ठेवले की टक्केवारी घसरते, असे क्लासचे सर सांगत. त्याच्या वडिलांना, म्हणजे शाळेतल्या गुरुजींना, तो डॉक्टर व्हायला हवा होता. सुट्टीच्या आदल्या त्या दिवशी लातुरात एका मंत्र्याचे हेलिकॉप्टर आले. सगळे मंत्र्याकडे धावले, हा वैमानिकाकडे.

"सर, तिन्हीत कोणता रस्ता चांगला?"

"आधी सांग, बारावीला गणित आहे ना?"

"सोडलंय सर. टक्का खाली वढत होतं."

वैमानिक हसला नाही, एवढे मला आठवते.

दुसऱ्या दिवशी गुरुजी त्याला न्यायला खोलीवर आले. त्यांनी भिंत पाहिली.

"लेका, तुझी माय डॉक्टरनं वाचवली. इसरला का?"

"न्हाई, बाबा. पण डॉक्टरपर्यंत तिला कुणी नेलं?"

गुरुजींनी चहा संपवला. कप खाली ठेवून त्यांनी मला विचारले, "गणिताचा क्लास कितीला भरतो रे?"

बारावीनंतर त्याने एकट्या गणिताचा फॉर्म भरला आणि दुसरा रस्ता धरला. पदवी झाली. वायुदलाच्या निवडीत तो दोनदा नापास झाला, तिसऱ्यांदा निवडला गेला. तोवर मी नांदेडला वार्ताहर झालो होतो. त्याचे पत्र आले, त्यात एकच ओळ होती: "हेलिकॉप्टरच मिळालं."

पुढे भूकंपग्रस्तांच्या नव्या वसाहतीवर बातमी करायला गेलो, तेव्हा त्याच्या घरी थांबलो. तो सीमेवर कुठेतरी होता. कुठे, ते घरात कुणालाच माहीत नव्हते. चहा देताना त्याची आई म्हणाली, "फोन करतो कधीमधी. माझी तब्येत मागून इचारतो. आधी इचारतो, पत्रे बांधले का म्हून."

निघताना मी गोठ्याकडे पाहिले. सहाही पत्रे तारेने बांधलेले होते.