विचारून दिलेलं पाणी

आमच्या अश्वजितचे बाबा, म्हणजे लहानू, यायनं उभा जन्म एसटीच्या डेपोत बस दुरुस्त करण्यात घालवला. रिटायर झाले अन् दुसऱ्याच दिवशी मले म्हणतात, "पंचफुला, मले वाळवंट पाह्यचं हाये. तिथं म्हणे आवाजच नाई." मी म्हटलं, आवाज नको असन तर कानात कापूस घाला अन् आपल्या नालवाडीत घरीच बसून राहा. पण हा माणूस ऐकते थोडाच! दोन जुन्या सायकली खोलल्या, गिअर बसवले, मागं कॅरिअर लावले. एक सायकल यायची, एक मायी. मी अंगणवाडीत होती, खेड्यापाड्यानं सायकलीवरच फिरली, म्हणून मले काही कठीण नोयतं. अन् खरं सांगू, मलेबी ते वाळवंट पाह्यचं होतं.

यायची एक खोड आताच सांगून ठेवते. कोणी जात इचारली तर हे लपवत नाईत. लहानपणी यायच्या बापानं एका गावात पोटासाठी दुसरंच आडनाव सांगतलं होतं, अन् यायलेबी तेच सांगा लागलं होतं. तवापासून जीव गेला तरी खोटं बोलत नाईत. या पायी नागपुरात भाड्याच्या दोन खोल्या हातच्या गेल्या. मी लय भांडली, काही उपेग झाला नाई.

होळी झाल्यावर निघालो. इंदूर गेलं, उदेपूर गेलं, जोधपूर गेलं. लोकं म्हणत, येवढ्या उन्हात कुठं चालले? हे छाती काढून सांगत, "आम्ही वर्ध्याचे हाओत, उन्हातच जन्मलो." डोक्याले ओला दुपट्टा, खिशात कांदा, बस! आमच्याकडं गिरडच्या रस्त्यानं जा नाईतर पवनारच्या, उन्हाळ्यात दर गावाले निंबाखाली प्याऊ असते, रांजण भरलेला. तशीच तिथंबी असन, असं धरून चाललो अन् पाणी कमी घेतलं. वर्ध्याच्या माणसानंच करावी अशी चूक.

वाळूतला तो रस्ता लागला अन् खरंच, सारा आवाज संपला. फक्त चेनची किरकिर. ऊन इतकं पांढरं की जमीन कुठं संपते अन् आभाळ कुठं लागते, कळे नाई. एक उंट पाय न टेकवता चालून राह्यला होता. मले समोर धाम नदी दिसे, पवनारची, तिच्या खडकावर बाया धुणं धुऊन राह्यल्या होत्या. मी म्हटलं, "अवो, नदी आली." हे म्हणे, "आली वं, थोडीच राह्यली." यायलेबी दिसत होती का मले बरं वाटावं म्हणून म्हणत होते, कोण जाणे. बाटल्या सकाळीच सरल्या होत्या. भेव वाटत नोयतं. लय गोड झोप येत होती, अन् तेच वाईट होतं.

मंग एक गोल झोपडी दिसली. हे म्हणे, "हेबी गायब होईन पाय." झाली नाई. दारात एक डोकरी बसली होती, जवळ ओलं फडकं गुंडाळलेला माठ. मी सायकल टाकली अन् वाळूतच बसली. तोंडातून शब्द निघे नाई, ओंजळ पुढं केली.

डोकरीनं माठावर हात ठेवला अन् इचारलं, "कुण जात रा हो?"

मी यायचा सदरा ओढला. म्हटलं, "सांगा न कुणबी, सांगा न तेली! मी मरून राह्यली अन् तुमाले खरंखोटं सुचते?" यायनं मायाकडं पाह्यलं. ओठ फाटले होते बिचाऱ्याचे, डोळ्यात पाणी आलं होतं. मले वाटलं, आज मोडते हा माणूस, मायासाठी मोडते. पण हळूच म्हणाले, "माताजी, हम बौद्ध हैं. पहले महार थे. अछूत."

बौद्ध तिले समजलं नाई. अछूत समजलं. ती उठली अन् आत गेली. मी रडली, अन् यायले नाई नाई ते बोलली. हे मायावर आपल्या अंगाची सावली धरून उभे राह्यले.

डोकरी बाहीर आली तं हातात पितळेचा लोटा, राखेनं घासून लख्ख केलेला. माठातून भरला अन् पहिले मले देला. मोडक्या हिंदीत म्हणे, "मैं मेघवाळ. बडे लोग पानी पीते, बाद में जात पूछते. फिर गाली देते, लोटा फेंकते. इसलिये मैं ही पहले पूछती."

मेघवाळ म्हणजे तिकडचे आपल्यासारखेच, हे यायनं मले सांगतलं. हे मटकन खाली बसले अन् पोरासारखे रडले.

ती लोटा भरत गेली, आम्ही पीत गेलो. विहीर कुठं हाये इचारलं तं तिनं दूरच्या वाळूच्या टेकडीपलीकडं बोट दाखवलं. मले लाज वाटली. म्हटलं, मावशी, बस झालं, तुमाले राहू द्या. तिनं माठ पालथा केला, तळचं पाणी लोट्यात घेतलं अन् लोटा माया हातात देला.

"जात जानके भी मेरे मटके से रस्ते का आदमी पहली बार पी रहा है," म्हणे. "छोडना मत, बेटी."